चाळीसगावातील फिरते तारांगण: गोटी उत्तम, टॅकिऑन मात्र घाईचा

फेब्रुवारीच्या अखेरीस येथील एका शाळेच्या सभागृहात तीन दिवस फिरते तारांगण आले होते. सत्तर रुपयांचे तिकीट काढून मी आठवीतल्या नातीसह ‘कृष्णविवराच्या काठावर’ हा पस्तीस मिनिटांचा खेळ पाहिला. ब्लोअरने फुगवलेला काळ्या कापडाचा घुमट, मधोमध प्रोजेक्टर आणि खाली सतरंजी एवढीच मांडणी होती. आत शिरताना वाकावे लागते आणि बसल्यावर पाठ टेकायला आधार नसतो, हे गुडघेदुखी असलेल्यांनी लक्षात घ्यावे.

खेळ सुरू होण्यापूर्वी निवेदकाने पुढच्या रांगेतील मुलांच्या हातात एकेक काचेची गोटी दिली आणि सांगितले की, सारी पृथ्वी दाबून दाबून या गोटीएवढी केली, तर तिचे कृष्णविवर होईल. हा हिशेब बरोबर आहे. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल श्वार्झशिल्ड यांनी 1916 साली प्रसिद्ध केलेल्या, आइनस्टाइनच्या समीकरणांच्या उत्तरावरून निघणारी कृष्णविवराची त्रिज्या पृथ्वीसाठी सुमारे 9 मिलिमीटर आणि सूर्यासाठी सुमारे 3 किलोमीटर येते. अंधारात ती गोटी बोटांनी चाचपत माझी नात बराच वेळ गप्प होती. इतकी वर्षे फळ्यावर सूत्र लिहून मला जे साधले नव्हते, ते त्या गोटीने साधले.

घटनाक्षितिजाचा भागही तितकाच नेटका आहे. घटनाक्षितिज म्हणजे भिंत नव्हे, कवच नव्हे, तर जिथून प्रकाशालाही मागे फिरता येत नाही अशी सीमा आहे, हे नदीच्या दृष्टान्ताने समजावले आहे. धबधब्याकडे जाताना प्रवाहाचा वेग वाढत जातो आणि एका जागी तो माशाच्या कमाल वेगाइतका होतो; ती जागा ओलांडताना माशाला काहीच वेगळे जाणवत नाही, पण तिथून परतणे संपलेले असते. आत पडणाऱ्या प्रवाशाचे घड्याळ बाहेरून मंदावत जाताना दिसते आणि त्याचा प्रकाश लालसर होत विझतो, हे दृश्य घुमटावर फार परिणामकारक वाटले. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचे कृष्णविवर आले तरी पृथ्वीची कक्षा बदलणार नाही, हेही आवर्जून सांगितले, त्यामुळे ‘ते सगळे ओढून घेते’ हा लोकप्रिय गैरसमज आपोआप दूर झाला.

एक दुरुस्ती मात्र सुचवावीशी वाटते. 10 एप्रिल 2019 रोजी प्रसिद्ध झालेले एम 87 दीर्घिकेतील कृष्णविवराचे छायाचित्र दाखवताना मधला काळा भाग म्हणजेच घटनाक्षितिज, असे सांगण्यात आले. वास्तविक ती त्याची सावली आहे. कृष्णविवराजवळ प्रकाश वाकतो, म्हणून ती क्षितिजाच्या सुमारे अडीच पट मोठी दिसते.

माझी खरी तक्रार शेवटच्या सात-आठ मिनिटांविषयी आहे. क्षितिजाच्या आतून एक हिरवा ठिपका सुसाट बाहेर येतो आणि ज्या आवाजात आतापर्यंत मोजलेल्या गोष्टी सांगितल्या, त्याच आवाजात निवेदन म्हणते, “टॅकिऑनला मात्र कोणी अडवू शकत नाही.” टॅकिऑन म्हणजे प्रकाशाहून वेगवान असा कल्पिलेला कण. असे कण खरोखर असते, तर माशाच्या त्याच दृष्टान्ताने ते प्रवाहाविरुद्ध बाहेर येऊ शकले असते, यात तर्कदोष नाही, परंतु असा एकही कण आजवर कुणाला सापडलेला नाही, हे वाक्य संपूर्ण खेळात कुठेच येत नाही.

टॅकिऑनची खरी कथा त्या हिरव्या ठिपक्यापेक्षा कितीतरी रंजक आहे. बिलान्युक, देशपांडे आणि सुदर्शन या तीन भौतिकशास्त्रज्ञांनी 1962 साली असा युक्तिवाद केला की, सापेक्षता सिद्धान्त प्रकाशाचा वेग ओलांडायला मनाई करतो, पण जन्मापासूनच त्या वेगाच्या पलीकडे असलेल्या कणाला मनाई करत नाही. अशा कणाची ऊर्जा कमी झाली की त्याचा वेग वाढतो, आणि त्याला प्रकाशाच्या वेगापर्यंत खाली आणायला अनंत ऊर्जा लागेल. ‘टॅकिऑन’ हे नाव जेराल्ड फाइनबर्ग यांनी 1967 साली दिले. पुढे 1976 मध्ये जयंत नारळीकर आणि संजीव धुरंधर यांनी कृष्णविवरात टॅकिऑन पडला तर काय होईल, याचे गणित मांडले. एवढी मराठी नावे हाताशी असताना मराठी निवेदनात एकही येऊ नये, याचे नवल वाटते. 2011 मध्ये न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण सुमारे 730 किलोमीटरच्या प्रवासात प्रकाशाच्या 60 नॅनोसेकंद आधी पोहोचल्याची बातमी जगभर गाजली होती आणि नंतर त्यामागे मुख्यतः प्रकाशतंतूच्या केबलची ढिली जोडणी निघाली. हा प्रसंग दाखवला असता, तर शोध तपासायचा कसा हेही मुलांना कळले असते.

नेमका तो हिरवा ठिपका बाहेर पडत असतानाच वीज गेली. ब्लोअर थांबला आणि घुमट हळूहळू आमच्या डोक्यांवर उतरू लागला, तेव्हा मागून एक पोरगा अहिराणीत ओरडला, “भो, आपन मझार पडी गऊत!” (भाऊ, आपण आत पडलो!) सगळे हसत रांगत बाहेर आले, पण जनरेटर सुरू व्हायला वीस मिनिटे लागली आणि तोवर निम्मे लोक घरी गेले होते. तिकिटाचे पैसे परत मिळाले नाहीत. दुसऱ्या दिवशीच्या खेळाला बसू देऊ, असे तोंडी सांगण्यात आले आणि ते पाळलेही गेले.

दुसऱ्या दिवशी मी टॅकिऑनची गोष्ट निवेदकाजवळ काढली. लोकांना शेवटी थरार हवा असतो, असे त्याचे म्हणणे पडले. तरीही ‘अजून सापडलेला नाही’ एवढे तीन शब्द त्याने माझ्यासमोर वहीत टिपून घेतले. आठवीच्या पुढच्या मुलांना हा खेळ जरूर दाखवावा. शक्यतो सकाळचा पहिला खेळ गाठावा, कारण दुपारी घुमटात फार उकडते, आणि बाहेर पडताना गोटी परत द्यावी, कारण तो माणूस त्या मोजून घेतो.