थंडरबर्ड, आठ महिन्यांनंतर: खोडलेलं टपाल परत येतं, पण केव्हा?

देवगडला आमची हापूसची कलमं आहेत. पुण्या-मुंबईची नेहमीची गिऱ्हाइकं पेट्यांची नोंद मेलवर करतात. घरगुती ऑर्डरी आता व्हॉट्सअ‍ॅपवर येतात हे खरं, पण कंपन्यांच्या ऑर्डरी, पावत्या, बँकेची पत्रं सगळी मेललाच. मेलचा पत्ता आमच्या स्वतःच्या डोमेनवरचा, आणि होस्टिंगवाल्यानं दिलेली जागा एक जीबी. ती दर मोसमात भरायची, मग मी बसून जुने मेल उडवायचो. या कटकटीला कंटाळून गेल्या ऑक्टोबरात, पाऊस सरल्यावर, ऑफिसच्या पीसीवर थंडरबर्ड हा मेल वाचायचा-साठवायचा फुकट प्रोग्रॅम टाकला.

खातं जोडलं पॉप३ पद्धतीनं. म्हणजे मेल सर्व्हरवरून उतरून आपल्या कॉम्प्युटरवर येतो, आणि आपण सांगू तितके दिवस सर्व्हरवर राहतो. मी १४ दिवस ठेवले. त्यापुढे प्रत्येक मेलची जगातली एकमेव प्रत माझ्या टेबलाखालच्या डब्यात असणार, हे तेव्हा डोक्यात शिरलं नाही. वापरायला सोपं आहे, शोध चांगला आहे, पैसे लागत नाहीत, जाहिराती नाहीत. त्याबद्दल इतकंच. खरा अनुभव मेल हरवल्यावर आला.

पहिला झटका जानेवारीत. लाईट गेली, यूपीएसची बॅटरी आधीच म्हातारी झालेली, पीसी धाडकन बंद. परत लावला तर इनबॉक्स कोरा. एकही ओळ नाही. कणकवलीला माझा भाचा कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो, त्याला फोन केला. तो म्हणाला, "मामानू, कायएक दाबू नकात. टपाल खंय जातला? हयच आसा."

आणि होतंच. थंडरबर्ड प्रत्येक फोल्डरसाठी दोन फाईली ठेवतं. 'इनबॉक्स' नावाची, पुढे काहीच शेपूट नसलेली मोठी फाईल. तिच्यात सगळे मेल एकाखाली एक, साध्या मजकुरासारखे. दुसरी त्याच नावाची, पण 'एमएसएफ' शेपटाची, छोटीशी. ती नुसती अनुक्रमणिका. माझी अनुक्रमणिका बिघडली होती, वही शाबूत होती. फोल्डरवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, 'रिपेअर फोल्डर', आणि दोन मिनिटांत सगळं जागेवर. फक्त मी लावलेले कॉलम आणि त्यांचा क्रम मूळपदावर गेले, ते परत लावावे लागले. तुमचा फोल्डर अचानक कोरा दिसला किंवा मेलवर क्लिक केल्यावर भलताच मेल उघडला, तर आधी हेच करा. त्याआधी मोठ्या फाईलीची साईज बघा. माझी ७४० एमबी होती, म्हणजे आत माल आहे.

दुसरा प्रसंग एप्रिलचा, आणि तो पूर्णपणे माझ्या कर्माचा. ऐन मोसम, ओटीवर पेट्या भरणं चाललेलं, एका हातात फोन. एक जाहिरातीचा मेल काढायचा होता. शिफ्ट धरून कुठेतरी क्लिक झालं, वरपासून खालपर्यंत सगळी रांग निळी झाली आणि मी शिफ्ट-डिलीट मारलं. प्रोग्रॅमनं विचारलं, नक्की का? मी न वाचता हो म्हटलं. ३१२ मेल गेले, ट्रॅशमध्येसुद्धा नाहीत. त्यांतल्या निम्म्याअधिक ऑर्डरी अजून पाठवायच्या होत्या. शेवटच्या १४ दिवसांतलं होस्टिंगच्या वेबमेलवर सापडलं असतं, पण मार्चमध्ये आगाऊ पैसे भरलेल्यांचं काय?

भाच्यानं पहिलं सांगितलं ते थंडरबर्ड बंद करायला. कारण डिलीट म्हणजे पुसणं नव्हे. आजोबांच्या खतावणीत चुकीच्या नोंदीवर आडवी रेघ मारलेली असायची, तसं आहे हे. मेल फाईलीत तसाच राहतो, फक्त त्याच्या डोक्यावरच्या एका ओळीत खूण होते. त्या ओळीचं नाव 'एक्स-मोझिला-स्टेटस'. वाचलेल्या मेलपुढे तिथं ०००१ असतं. तोच खोडला की ०००९ होतं, कारण खोडल्याची खूण आठाची. उत्तर दिलेला मेल असेल तर ०००३ असतं, त्याचं खोडल्यावर '०००बी' होतं, शेवटी इंग्रजी 'बी' अक्षर. हे सोळाच्या पाढ्यातलं गणित आहे, समजलं नाही तरी चालतं.

मग केलं ते असं. हेल्प मेनूत 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन', तिथं प्रोफाइल फोल्डरपुढचं (थंडरबर्डचं सगळं टपाल आणि सेटिंग्ज ज्यात असतात तो फोल्डर) 'ओपन फोल्डर'. थंडरबर्ड बंद करून तो आख्खा फोल्डर आधी पेनड्राइव्हवर. ही प्रत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका, भाच्यानं मला दोनदा विचारून खात्री केली. मग त्यातल्या 'मेल' फोल्डरात आपल्या खात्याच्या नावाखालची ती बिनशेपटाची इनबॉक्स फाईल नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडली (साधं नोटपॅड एवढ्या फाईलीला दमतं), आणि त्या ओळीतले ०००९ बदलून ०००१ केले, '०००बी' बदलून ०००३. नुसता आकडा बदलू नका, ओळीच्या नावासकट शोधा, नाहीतर कुणाच्या तरी फोन नंबरातले आकडे बदलाल. फाईल सेव्ह केली, तिची एमएसएफ फाईल उडवली, थंडरबर्ड सुरू केलं. त्यानं अनुक्रमणिका नव्यानं बांधली.

३१२ हवे होते, आले सुमारे १,९००. खोडलेलं सगळंच उठून बसलं. जाहिराती आल्या, बँकेचे ओटीपी आले. शिवाय मेल एका फोल्डरातून दुसऱ्यात हलवला तरी मूळ जागी त्याची रेघ मारलेली प्रत राहतेच, म्हणून मी 'पाठवलेल्या पेट्या' या फोल्डरात हलवलेल्या ऑर्डरीही इनबॉक्समध्ये पुन्हा हजर. कोथरूडच्या एका काकूंना दुसऱ्यांदा पाच डझनांची पेटी भरली होती, सौ.नं वही बघून थांबवलं. निवडण्यात आख्खा दिवस गेला.

ठरावीक मेल शोधायला गेलात तर एक मराठी अडचण आहे. त्या फाईलीत 'हापूस' किंवा 'पेटी' शोधून काही सापडत नाही. देवनागरी मजकूर बहुधा सांकेतिक इंग्रजी अक्षरांत बदलून पाठवलेला असतो. ओळीच्या ओळी अर्थहीन दिसतात, मला तर वाटलं फाईल सडली. सडलेली नसते. पाठवणाऱ्याच्या मेल पत्त्यानं किंवा तारखेनं शोधा, ते साधंच लिहिलेलं असतं.

आता न आलेल्या टपालाबद्दल. फेब्रुवारीत मी साईजप्रमाणे क्रम लावून जड जड मेल काढले होते, ट्रॅश रिकामा केला होता. नंतर प्रोग्रॅमनं विचारलं, फोल्डर कॉम्पॅक्ट करू का, जागा वाचेल. शब्द निरुपद्रवी वाटला, हो म्हटलं. एप्रिलचे मेल परत आलेले बघून मी खुशीत भाच्याला म्हटलं, आता फेब्रुवारीचेही आणू. तो क्षणभर गप्प राहिला. "कॉम्पॅक्ट केल्यात?"

कॉम्पॅक्ट म्हणजे रेघ मारलेल्या नोंदी वगळून नवी वही लिहिणं आणि जुनी फेकून देणं. माझ्या त्या जड मेलांत १६ मे २०२१ नंतरचे फोटो होते. तौक्ते वादळ किनाऱ्यालगतून गेलं तेव्हा आमची अकरा कलमं मुळासकट आडवी झाली, त्यांतलं एक आजोबांनी लावलेलं. तेव्हाचा फोन केव्हाच खाऱ्या हवेनं मेला. फेकलेली वही जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर कधीकधी फाईल रिकव्हरीच्या प्रोग्रॅमनं सापडते. माझी एसएसडी आहे, म्हणजे न फिरणारी, चिपवाली डिस्क, तिथं आशा जवळजवळ नाही. तरी मी दोन रात्री असले प्रोग्रॅम चालवून पाहिले. शेवटी दादरच्या मावशीच्या जीमेलमध्ये मी तेव्हा तिला पाठवलेले चार फोटो निघाले. बाकीचे नाहीत. आजोबांचं कलम त्या चारांत आहे, पण अर्धंच, मागं.

इंटरनेटवर मेल परत आणून देणारे विकतचे प्रोग्रॅम ढिगानं दिसतील. कॉम्पॅक्ट झालेलं नसेल तर त्यांची गरज नाही, वर लिहिलं ते फुकटात होतं. आऊटलुक या मायक्रोसॉफ्टच्या मेल प्रोग्रॅमच्या पीएसटी फाईलीत (तो मेल तिच्यात साठवतो) असं नोटपॅड घेऊन शिरता येत नाही, तिथं दुरुस्तीचं त्यांचंच वेगळं हत्यार लागतं. मला हा उघडी वही ठेवण्याचा मामला जास्त पटतो.

खातं आयमॅप या दुसऱ्या पद्धतीनं जोडणाऱ्यांनी यातलं फारसं मनावर घेऊ नये. त्यांचा मेल सर्व्हरवर असतो, इथं खोडलेला तिथंही खोडला जातो, म्हणून आधी वेबमेलचा ट्रॅश बघावा.

मी बदललेल्या गोष्टी: नवीन यूपीएस. सेटिंग्जमध्ये जनरलखाली 'नेटवर्क अँड डिस्क स्पेस'मध्ये आपोआप कॉम्पॅक्ट करण्याची खूण काढली. आता वर्षातून एकदा, पेट्या संपल्यावर, प्रत घेऊन मीच करणार. अँटिव्हायरसला एकेक मेल वेगळा अडकवायला परवानगी देणारी खूण आहे, ती लावली, नाहीतर एका घाणेरड्या अटॅचमेंटपायी तो आख्खी इनबॉक्स फाईल उचलून नेऊ शकतो. आणि दर रविवारी थंडरबर्ड बंद करून प्रोफाइल फोल्डर दोन पेनड्राइव्हवर. एक इथं, एक कणकवलीला.

पाचांतले चार तारे. एक कापला तो कॉम्पॅक्टच्या त्या प्रश्नासाठी. जागा किती वाचेल ते सांगतात. खोडलेलं कायमचं जाईल हे त्याच अक्षरात, त्याच ओळीत लिहिलं असतं तर मी फेब्रुवारीत थांबलो असतो.