ट्रॉलरवरचा व्हीएचएफ अँटेना: अख्खा हंगाम वापरल्यानंतर

बोटीबोटींत बोलायचा व्हीएचएफ वायरलेस लांब ऐकू जात नसेल तर सेट बदलायच्या आधी अँटेना आणि केबल बघा. रत्नागिरीजवळच्या मिरकरवाडा बंदरातल्या आमच्या ट्रॉलरवर नवा अँटेना हंगामभर वापरल्यावर मी हे ठामपणे सांगू शकतो.

आमचा सेट 25 वॅटचाच, तरी तांडेलाची, म्हणजे बोट चालवणाऱ्याची, हाक जवळच्या बोटींपलीकडे जात नव्हती. धक्क्यावर ज्याला विचारावं तो म्हणे, सेट गेला. 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारीबंदीत बोट वर घेतली तेव्हा जुनी केबल सोलून पाहिली. आतली तांब्याची जाळी काजळीसारखी काळी पडली होती आणि बोटांत चुरत होती. वरच्या जोडातून शिरलेलं खारं पाणी जाळीजाळीने कितीतरी फूट खाली उतरलं होतं. अशा केबलला कितीही महागडा सेट लावा, उपयोग शून्य.

दुकानात आधी 9 डीबीचा लांबलचक अँटेना दाखवला. डीबी म्हणजे अँटेना शक्ती एका दिशेला किती एकवटतो त्याचं माप. जास्त डीबी म्हणजे जास्त पल्ला, हे आपल्या बोटींना तितकंसं लागू पडत नाही. अँटेना नवी शक्ती तयार करत नाही, वरखाली जाणारी शक्ती दाबून क्षितिजाकडे वळवतो. बोट आडवी डोलायला लागली की तो अरुंद पट्टा एका बाजूला आभाळात जातो आणि दुसऱ्या बाजूला पाण्यात. म्हणून मी मीटरभर उंचीचा 3 डीबीचा स्टीलचा अँटेना घेतला. हा अर्ध्या तरंगलांबीचा असतो, त्याला खाली धातूचा पत्रा लागत नाही. लाकडी आणि फायबरच्या बोटींसाठी हे फार सोयीचं.

खरा फरक पडला उंचीने. पाण्यापासूनच्या उंचीचं मीटरमध्ये वर्गमूळ काढा, त्याला 2.2 ने गुणा, समोरच्याचंही तसंच काढून दोन्हींची बेरीज करा. साधारण तेवढे नॉटिकल मैल. दोन्ही बोटींचे अँटेने केबिनवर 4 मीटरला असतील तर जेमतेम 9 मैल. दोन्ही डोलकाठीच्या टोकाला 9 मीटरवर नेले की 13. जयगडकडे येणाऱ्या मोठ्या जहाजाचा अँटेना 36 मीटरवर धरला तर 20 मैलांच्या आसपास.

मात्र उंच गेलं की केबल लांबते. 15 मीटर बारीक आरजी-58 जातीच्या केबलमध्ये निम्मी शक्ती वाटेतच मरते, 25 वॅटमधले साडेबारा वर पोचतात. तेवढ्याच जाड आरजी-213 मधून अठराच्या आसपास पोचतात. केबलवर पैसे वाचवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. वरच्या जोडावर आपोआप चिकटून एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळली, तिच्यावर उन्हासाठी साधी काळी टेप. केबिनमध्ये शिरण्याआधी केबलला खाली झुकता वळसा दिला, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जातं. हंगाम संपल्यावर टेप कापून पाहिली, आतलं पितळ कोरडं आणि चकचकीत होतं.

एक सांगून ठेवतो. अशा बऱ्याच अँटेन्यांना मल्टिमीटर लावला की शॉर्ट दाखवतो, कारण बुडातली कॉइल तशीच जोडलेली असते. तेवढ्यावरून अँटेना खराब ठरवू नका. अँटेन्याकडून किती शक्ती परत फिरते ते दाखवणारा एसडब्ल्यूआर मीटर लावा, आकडा 1.5 च्या आत असेल तर उत्तम. आमचा अजून आत आहे.

जीपीएसचा अँटेना मात्र डोलकाठीवर नको. तिथे तो बोटीबरोबर झोके घेतो. केबिनच्या टपावर, उघड्या आकाशाखाली, रडारच्या झोतापासून बाजूला आणि व्हीएचएफपासून मीटरभर लांब बसवला. त्याच्यावर ओली जाळी टाकायची नाही, हे खलाशांना बजावून ठेवलंय.

आणि एलईडी दिवे! स्वस्त दिव्यांमुळे व्हीएचएफवर खरखर येते आणि दूरची हाक तिच्यात बुडते. अमेरिकन कोस्ट गार्डने 2018 मध्ये याबद्दल इशारा दिला होता. घरच्या घरी तपासता येतं: शांत चॅनल लावा, स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबायचं बटण, खरखर बंद होईल तिथपर्यंतच फिरवा, मग एकेक दिवा लावा. ज्या दिव्याला खरखर परत येते तो काढून टाका. आमच्या केबिनमधला एक असाच निघाला. तो काढल्यापासून हाक मारायच्या आणि संकटाच्या चॅनल 16 वर पूर्वी पुसट येणाऱ्या बोटीही नीट कळतात.

पुढच्या बंदीत एआयएससाठी, म्हणजे बोटींची नावं आणि जागा एकमेकींना आपोआप कळवणाऱ्या यंत्रासाठी, वेगळा अँटेना बसवायचा आहे. तो 162 मेगाहर्ट्झच्या जवळ चालतो, त्यामुळे त्याच्यासाठीच बनवलेला घेणार आणि व्हीएचएफपासून जमेल तितका लांब, डोलकाठीच्या खालच्या आडव्या दांड्यावर लावणार.