नाशिकमध्ये शिकता शिकता काम: दुकान, शिकवणी, डिलिव्हरी की कॉलेजातलीच योजना?

माझी मावसबहीण यंदा बारावी झाली. जूनमध्ये ती कळवणहून नाशिकला एफवायला, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाला येतेय. मावशीचा फोन आला तेव्हा तिला फीची काळजी नव्हती. "खोलीचं भाडं नि डबा कसा भागवायचा गं? हिला कुठं पार्टटाइम लावून देशील का?" हे तिचं विचारणं होतं. पाच वर्षांपूर्वी माझ्या आईनेही हेच विचारलं होतं. या पाच वर्षांत मी तीन प्रकारची कामं स्वतः केली, बाकीची जवळच्या माणसांनी केलेली पाहिली. बहिणीला जे सांगितलं तेच इथे लिहिते, कारण सुरगाणा, पेठ, चांदवड, येवला, कुठूनही आलात तरी निवड याच चार-पाच कामांतून करायची असते.

पुण्यापेक्षा स्वस्त म्हणून आपण नाशिक धरतो. पण गंगापूर रोड किंवा कॉलेज रोडच्या आसपास राहायचं म्हटलं की तो फरक फारसा उरत नाही. मी पहिल्या वर्षी कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरते, ३,५०० रुपये देत होते, दोन वेळच्या डब्याचे ३,००० वेगळे. त्यात बसचा पास, झेरॉक्स, प्रॅक्टिकलची जर्नल्स, महिन्यातून एकदा गावी जाण्याचं तिकीट. आता २०२७ चा सिंहस्थ जवळ आलाय आणि खोल्यांचे मालक त्या हिशेबाने बोलायला लागलेत.

काम शोधण्याआधी एक गोष्ट करा, कारण ती उशिरा केली तर वर्ष वाया जातं. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचे शिष्यवृत्तीचे अर्ज आधी भरा. वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जातींसाठी स्वाधार आणि अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. जेवण-राहण्याचे पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर येतात. माझी रूममेट सुरगाण्याची. तिला स्वयम् माहीतच नव्हती. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच, गडकरी चौकात, आणि ती रोज बसने त्याच्यासमोरून जायची. पहिलं वर्ष तिने संध्याकाळी एका मेसमध्ये पोळ्या लाटून काढलं. दुसऱ्या वर्षी अर्ज केला, मंजूर झाला आणि मेस सुटली.

आता कामांकडे येते. मी पहिली चूक केली ती महिन्याचा आकडा पाहून. दिवाळीच्या आधी मेन रोडजवळच्या एका साड्यांच्या दुकानात काउंटरला लागले. संध्याकाळी पाच ते साडेनऊ, आठवड्याला एक सुट्टी, महिना ५,००० रुपये. घरून येणाऱ्या पैशांपेक्षा ते जास्त होते, मी हरखून गेले. काम काय, तर साड्या दाखवणं. पण खरं काम गिऱ्हाईक उठल्यावर सुरू व्हायचं. एका बाईंना चाळीस साड्या दाखवल्या, त्यांनी एक घेतली, की उरलेल्या एकोणचाळीसच्या घड्या पुन्हा तशाच, पदर वर, काठ एका रेषेत, पुठ्ठ्यावर बसवून रॅकमध्ये. बसायला स्टूल नाही. पायांच्या पोटऱ्या इतक्या भरून यायच्या की रात्री झोप लागायची नाही. सकाळी साडेसातच्या लेक्चरला मी बाकावर नुसती बसलेली असायची.

तेव्हा मी वहीत हिशेब मांडला. गंगापूर रोडहून जाणं-येणं धरून रोज सहा तास जात होते. महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे १५६ तास. बसभाडं वजा जाता हातात साधारण ४,२०० उरायचे. म्हणजे तासाला सत्तावीस रुपये.

त्याच शैक्षणिक वर्षात, जानेवारीत, शिकवणी मिळाली. खोलीपासून दहा मिनिटांच्या अंतरावर एका घरातली दोन मुलं, चौथी आणि सहावी, आठवड्यातून पाच दिवस, दोघांचे मिळून २,५०० रुपये. चालत जाणं-येणं धरून रोजचा दीड तास, महिन्याचे तेहेतीस तास. तासाला पंचाहत्तर रुपये पडले. रक्कम दुकानाच्या निम्मी, पण वेळ पाचव्या हिश्श्याहून थोडाच जास्त. वाचलेल्या तासांत मी ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा राहिलेला पेपर काढला.

शिकवणीचा त्रास वेगळा असतो, तोही सांगते. एप्रिल-मे दोन महिने उत्पन्न शून्य. मुलाची मावशी आली, लग्नाला गेले, ताप आला, की सुट्टी, आणि काही घरं त्या दिवसांचे पैसे कापतात. म्हणून महिन्याच्या पगारावरच बोलणी करा, दिवसावर नको, आणि ते पहिल्याच दिवशी आईसमोर बोला. पहिली शिकवणी मिळवणंही सोपं नसतं. मला ती किराणा दुकानदाराच्या ओळखीतून मिळाली, क्लासच्या जाहिरातीतून नाही. दुसरी पहिलीच्या सांगण्यावरून आली. चौथीतला पोरगा भागाकारात बाकी उरली की रडायचा, त्याला वाटायचं उत्तर चुकलं. मी त्याच्या आईच्या डब्यातले शेंगदाणे घेऊन बसले. सतरा दाणे, पाच वाट्या, प्रत्येकीत तीन, आणि हातात उरलेले दोन. "हे दोन तुझे, खा." त्यानंतर त्याला बाकी आवडायला लागली. त्याच्या आईने हे सोसायटीत चार जणींना सांगितलं आणि पुढची दोन वर्षं मला शिकवणी शोधावी लागली नाही.

कोचिंग क्लासमध्ये शिकवणं मात्र मी पहिल्या-दुसऱ्या वर्षाला सुचवणार नाही. तिथे तुम्हाला वर्ग देत नाहीत. पेपर तपासणं, हजेरी, पालकांना फोन, ही कामं देतात आणि त्याला 'अनुभव' म्हणतात.

तिसरा पर्याय बऱ्याच जणांना कळतच नाही, कारण त्याची जाहिरात नोटीस बोर्डावर एक आठवडा असते. नाशिकची बहुतेक कला, वाणिज्य, विज्ञान महाविद्यालयं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत आणि विद्यापीठाची 'कमवा आणि शिका' योजना त्यांच्यामार्फत चालते. हा शब्द कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेमुळे महाराष्ट्रात घरोघर गेला. कॉलेजात विद्यार्थी विकास अधिकारी असतात, अर्ज त्यांच्याकडे द्यायचा. ग्रंथालय, प्रयोगशाळा, कार्यालय किंवा बाग, यांपैकी काम मिळतं, लेक्चर नसताना दोनेक तास, आणि पैसे बँक खात्यावर. मी केलं तेव्हा तासाला ४५ रुपये होते, महिन्याचे साधारण दोन हजार. चालू दर कार्यालयात विचारून घ्या.

दुकानाच्या सत्तावीसपुढे हे पंचेचाळीस, तेही प्रवासाचा एक मिनिट न घालवता. मला ग्रंथालय मिळालं. नवं पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत चढवायचं, दाखल क्रमांक घालायचा, पाठीला लेबल, आणि ग्रंथालयाचा शिक्का शीर्षकपानाबरोबर एका ठरलेल्या आतल्या पानावर, प्रत्येक पुस्तकात तेच पान. पहिलं पान कोणी फाडलं तरी पुस्तक कोणाचं ते त्या पानावरून कळतं. हे मला ग्रंथपाल मॅडमनी दाखवलं. संदर्भ विभागातली जी पुस्तकं घरी मिळत नव्हती ती मी कामाच्या मधल्या वेळात तिथेच वाचली. परीक्षेच्या आठवड्यात "मॅडम, येत नाही" एवढं सांगितलं की झालं. दुकानाच्या मालकाला हेच सांगितलं होतं तर शेवटच्या आठ दिवसांचा पगार आजवर मिळालेला नाही.

योजनेतली खोट एकच, पण मोठी. पैसे वेळेवर येत नाहीत. हजेरीपत्रक जातं, बिल जातं, निधी येतो, आणि कधी दोन-तीन महिन्यांचं एकदम जमा होतं. घरमालक तेवढे दिवस थांबत नाही. म्हणून एकट्या या पैशांवर खोली घेऊ नका. याला जोडून एक शिकवणी असली तर भाड्याची तारीख चुकत नाही.

डिलिव्हरीबद्दल मुलं सगळ्यात जास्त विचारतात. माझा मावसभाऊ इंदिरानगर-पाथर्डी फाटा भागात वर्षभर करत होता. संध्याकाळी सहा ते अकरा, चांगल्या दिवशी पाचशेच्या आसपास, पैसे आठवड्याला खात्यात. शिकवणीहून आकडा मोठा दिसतो. पण त्या पाच तासांत साठेक किलोमीटर गाडी फिरते. चाळीसचा ॲव्हरेज धरला तरी दीड लिटर पेट्रोल, म्हणजे दीडशेच्या वर. उरले साडेतीनशे, तासाला सत्तर, आणि त्यातूनच पुढे टायर, चेन, सर्व्हिसिंग. गाडी हप्त्यावर घेऊन हे काम करू नका, हप्ता फेडण्यासाठीच रोज रात्री निघावं लागतं. पावसाळ्यात तो एका खड्ड्यात पडला, मनगट मोडलं, आणि तेव्हा कळलं की मित्राच्या आयडीवर काम करत असल्याने कंपनीच्या अपघात विम्यात त्याचं नावच नव्हतं. गाडी घरची, फिटलेली असेल, लायसन्स आणि आयडी स्वतःच्या नावावर असेल, तर फक्त दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत करा. टर्म चालू असताना ७५ टक्के हजेरी नि रात्री अकरा यांचा मेळ बसत नाही.

केटरिंगला मी वेगळ्या कारणासाठी मान देते. तुळशीच्या लग्नानंतर संभाजीनगर रोड, गंगापूर रोडवरच्या लॉन्समध्ये वाढप्यांची गरज असते. एका संध्याकाळचे चार-पाचशे रोख, पोटभर जेवण, आणि उद्या येण्याची सक्ती नाही. परीक्षा फी भरायला अचानक पंधराशे कमी पडले तर तीन मुहूर्तांत उभे राहतात. घरी परतायला रात्रीचा एक वाजतो, त्यामुळे मुली जायच्या त्या चार-पाच जणींच्या गटानेच, आणि परतीची गाडी ठेकेदाराकडून आधी कबूल करून घेऊनच. दुकानातही रात्रीचा प्रश्न येतो. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार साडेनऊनंतर स्त्रीला कामावर ठेवायला तिची संमती आणि सुरक्षेची सोय लागते. पण लहान दुकानांना तो कायदा पुरता लागू होत नाही. म्हणून सिटीलिंकची शेवटची बस किती वाजता आहे ते पाहूनच वेळ ठरवा.

घरबसल्या टायपिंग, लाइक करण्याचे 'टास्क', ही निवड तुलनेत धरतच नाही. काम देणारा आधी पैसे मागतो तेव्हा ते काम नसतं. आणि "तुझं बँक खातं वापरू दे, महिन्याला इतके देतो" म्हणणाऱ्याला साफ नाही म्हणा, कारण फसवणुकीचा पैसा त्या खात्यातून फिरतो आणि पोलीस तुमच्या दारात येतात. फसलातच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

घरची स्थिती अशी असेल की महिन्याला दहा हजार लागणारच, तर वरच्या कशानेही भागणार नाही. मग सातपूर-अंबडच्या कारखान्यांत किंवा एखाद्या ऑफिसात पूर्णवेळ नोकरी धरून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. किंवा बी.कॉम. करणं जास्त प्रामाणिक आहे. त्याचं मुख्यालय इथेच, गोवर्धनला आहे. माझ्या वर्गातल्या दोघांनी बी.एस्सी.चं दुसरं वर्ष नोकरीपायी गमावलं आणि मग तिकडे गेले, पहिल्यापासून गेले असते तर दोन वर्षं वाचली असती.

बहिणीसाठी आमचं ठरलंय असं: प्रवेशाच्या दिवशीच विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांकडे अर्ज, त्याच आठवड्यात शिष्यवृत्तीची कागदं, आणि दुकान-मॉल पहिलं सेमिस्टर संपेपर्यंत नाही. शेंगदाण्यांवर भागाकार शिकलेल्या पोराची धाकटी बहीण आता तिसरीत आहे. तिच्या आईने परवा मला विचारलं, "तुमच्या ओळखीची कोणी मुलगी आहे का?" सोमवारी मी मावसबहिणीला घेऊन त्यांच्याकडे जातेय.