ड्रेन बोल्टचे आटे गेले: कॉइल किटचा आठ महिन्यांचा अनुभव

मृगाच्या तोंडावर सर्व्हिसिंग करून आणलेल्या गाडीखाली दुसऱ्याच दिवशी ऑइलचं थारोळं. स्प्लेंडर आहे, इंजिन ऑइल काढायचा ड्रेन बोल्ट 12 बाय 1.5 चा, म्हणजे 12 मिमी जाड आणि दोन आट्यांत 1.5 मिमी अंतर. पाना लावला तर बोल्ट नुसताच फिरतोय. काढला तर त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची तार गुंडाळलेली, म्हणजे चेंबरचे (इंजिनच्या ज्या ॲल्युमिनियमच्या खोक्यात हा बोल्ट बसतो त्याचे) आटे बोल्टाबरोबरच बाहेर आले होते. पान्याला पाइप घालून आवळलं की असंच होतं. सर्व्हिसवाल्याने 'आधीच गेलेले होते' म्हणून हात वर केले आणि चेंबर बदलायचे सहा हजार सांगितले. एका बोल्टापायी सगळं इंजिन उघडायचं? मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही.

कुणी टेफ्लॉन टेप गुंडाळ म्हणालं, कुणी स्वतःच आटे पाडत जाणारा जाडा बोल्ट मार म्हणालं. जाडा बोल्ट जरा जरी तिरका शिरला तर वॉशर नीट बसत नाही, म्हणून तो नको म्हटलं. ड्रिल, टॅप (भोकात नवे आटे पाडायचं हत्यार), गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायच्या तारेच्या दहा स्टील कॉइल आणि त्या बसवायचं हत्यार असं किट 1,150 रुपयांना मागवलं.

काम अवघड नाही. 12 मिमीपेक्षा थोडंच मोठं ड्रिल, साडेबाराच्या पुढं अजिबात नको. मग टॅपला ग्रीस थापून फिरवायचा, म्हणजे कीस त्यालाच चिकटून येतो. कॉइल मूळची भोकापेक्षा मोठी असते, पिळून आत घातली की स्प्रिंगसारखी फुलून घट्ट बसते. तोंडाच्या पातळीपासून अर्धा आटा आत राहिली पाहिजे. मऊ ॲल्युमिनियममध्ये स्टीलचे आटे, म्हणून हे मूळच्यापेक्षा पक्कं.

माझं भांडण आहे ते शेपटीशी. कॉइलच्या आतल्या टोकाला हत्यार अडकवायला वाकवलेली तार असते, कॉइल बसल्यावर ती मोडून काढायची. मोडली, पण पक्कडीतून निसटून चेंबरमध्येच राहिली. सालीसकट भाताच्या दाण्याएवढी तार! आत गिअर फिरतात. स्टेनलेस, त्यामुळे चुंबकाचाही भरवसा नाही. स्वस्तातलं ऑइल ओतायचं, गाडी डावी-उजवी हलवायची, परातीत काढायचं, असं तीनदा केलं. तिसऱ्या खेपेला परातीच्या तळाला ती चमकली, तेव्हा कुठं जिवात जीव आला. बिनशेपटीच्याही कॉइल मिळतात. ड्रेन बोल्टासाठी विकायच्या किटात त्याच द्यायला हव्यात.

खानापूर ते बेळगावचं उद्यमबाग रोजची येजा सुरू झाली. दोन महिन्यांनी बोल्टाखाली पुन्हा थेंब. मी चिडून या किटाला एकच तारा दिला होता, तो आता मागे घेतोय. उद्यमबागेतल्या आमच्या शॉपमध्ये एक जुने टर्नर मामा आहेत. त्यांनी बोल्ट हातात घेतला, वॉशर नखाने खरवडला. "ह्यो जुनाच घातलास की रे. एकदा चेपलेला वॉशर परत कसा बसंल? आटे ऑइल अडवत न्हाईत पोरा, वॉशर अडवतो." पंधरा रुपयांचा नवा ॲल्युमिनियम वॉशर घातला. मामांनी छोटा पाना दिला आणि म्हणाले, "हातानं लागतंय तवर आवळ, मग पान्याला नुसतं सांग."

त्यानंतर तीन वेळा ऑइल बदललं. दरवेळी नवा वॉशर, दरवेळी बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत सरळ जातो. उरलेला पावसाळा आणि खानापूरचे रस्ते सोसूनही बोल्टाखाली पुसलेलं फडकं कोरडंच निघतं.

चार तारे. एक शेपटीचा कापला, तो कापलेलाच राहील.

नऊ कॉइल उरल्यात. खानापुरात कुणाचे 12 बाय 1.5 चे आटे गेले असतील तर या, टॅप आणि ड्रिल देतो. वॉशर मात्र नवा घेऊन या, आणि लांब नाकाची पक्कड.