व्हेंटॉय आणि डेबियनची प्रीसीड फाइल: सात महिने, सेहेचाळीस जुने संगणक

सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या तळमजल्यावर आम्ही पाच-सहा जण दर शनिवारी जमतो. लोकांनी काढून टाकलेले संगणक गोळा करायचे, धूळ झाडायची, रॅम आणि डिस्क तपासायची, ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची आणि भोर-मुळशीकडच्या शाळांना द्यायचे, हे आमचं काम. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला आणि आमच्याकडची आवक एकदम वाढली. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. तेवढ्यापायी चांगली धडधाकट मशिनं दारात येऊन पडायला लागली.

तोवर आम्ही प्रत्येक मशीनसमोर बसून डेबियन, म्हणजे लिनक्सची एक मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, इन्स्टॉल करायचो. भाषा कोणती, देश कोणता, कीबोर्ड कोणता, मशीनचं नाव, पासवर्ड, पार्टिशन (डिस्कची वाटणी), मिरर (फाइली ज्यावरून उतरवायच्या तो सर्व्हर). हे प्रश्न इन्स्टॉलर एका दमात विचारत नाही. दोन विचारतो, दहा मिनिटं फाइली उतरवतो, पुन्हा एक विचारतो. त्यामुळे माणूस उठूही शकत नाही. त्याहून मोठा त्रास म्हणजे दर मशीन वेगळं निघायचं. एकावर मराठी कीबोर्ड टाकायचा राहून गेला, दुसऱ्यावर घड्याळ चुकलं, तिसऱ्याचा पासवर्ड कुणी काय ठेवला ते कुणालाच आठवेना. सोमवारी शाळेतून फोन आला की कोणत्या मशीनबद्दल बोलणं चाललंय हे कळायलाच वेळ जायचा.

नोव्हेंबरमध्ये व्हेंटॉय वापरायला घेतलं. पेन ड्राइव्हवर ते एकदाच बसवायचं, नंतर आयएसओ फाइली (इन्स्टॉल करायच्या सिस्टिमच्या डिस्क-प्रतिमा) नेहमीच्या फाइलींसारख्या कॉपी करायच्या. त्या ड्राइव्हवरून मशीन सुरू, म्हणजे बूट, केलं की त्यांची यादी समोर येते, हवी ती निवडायची. नवी आवृत्ती आली की जुनी फाइल पुसून नवी टाकली, संपलं. माझ्या चौसष्ट जीबीच्या ड्राइव्हवर डेबियन १२, डेबियन १३, रॅम तपासणारं मेमटेस्ट आणि डिस्क क्लोन करायचं क्लोनझिला असं सगळं एकत्र नांदतंय.

पण खरा फरक पडला तो प्रीसीड फाइलीने. डेबियनचा इन्स्टॉलर जे जे विचारतो त्याची उत्तरं एका साध्या टेक्स्ट फाइलीत आधीच लिहून ठेवता येतात. व्हेंटॉयच्या ऑटो इन्स्टॉल प्लगइनमध्ये कोणत्या आयएसओला कोणती उत्तरफाइल हे सांगितलं की बूट होताना ते विचारतं: उत्तरफाइलीसह जायचं की तिच्याशिवाय? पहिला पर्याय निवडला की बाकीचं आपोआप. (लिनक्सच्या रेड हॅट कुटुंबात याच कामाला किकस्टार्ट आहे, उबुंटूत ऑटोइन्स्टॉल. व्हेंटॉयला तेही चालतात.)

फाइल लिहायला मात्र मला तीन शनिवार लागले. आणि त्या तीन शनिवारांतच आम्ही पहिल्यांदा नीट बोललो की शाळेच्या मशीनवर नक्की काय हवं. लोकेल (भाषा-प्रदेशाची मांडणी) मराठी, टाइमझोन कोलकाता, डेस्कटॉप हलका एक्सएफसीई कारण रॅम चारच जीबी. लिब्रे ऑफिस, मुलांच्या शैक्षणिक खेळांचं जीकॉम्प्री, मराठी टाइप करायला आयबस आणि त्याच्यासोबत एम-सतरा-एन, त्यामुळे इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो. फॉन्ट लोहित देवनागरी. पासवर्ड उघडा न लिहिता हॅश करून, म्हणजे वाचता येणार नाही अशा रूपात. शेवटी लेट कमांडची (इन्स्टॉल संपताना चालणाऱ्या आज्ञेची) एक ओळ, तिने आमची वॉलपेपर आणि मदतीची पीडीएफ डेस्कटॉपवर जाऊन बसते. आधी या गोष्टी ज्याच्या त्याच्या डोक्यात होत्या. आता त्या एका फाइलीत आहेत, तिचा छापील कागद भिंतीवर आहे, आणि काही बदलायचं तर आधी कागदावर पेनाने लिहायचं असा आमचा शिरस्ता पडलाय.

आमच्या गटात एक निवृत्त शिक्षिका आहेत. पूर्वी त्या फक्त नोंदवही सांभाळायच्या, पार्टिशनचा पडदा आला की उठून जायच्या. आता एका वेळी चार मशिनं त्या एकट्या लावतात. मी हे सगळं ज्यासाठी केलं ते हेच.

आता चूक सांगतो, कारण ती पूर्णपणे माझी होती. पहिल्या फाइलीत मी डिस्क म्हणून ‘एसडीए’ असं सरळ लिहिलं होतं आणि पार्टिशनच्या खात्रीच्या प्रश्नालाही ‘हो’ देऊन टाकलं होतं. लिनक्समध्ये ही नावं कायमची नसतात, कर्नलला जी डिस्क आधी सापडते तिला ते नाव मिळू शकतं. एका सरांनी शाळेचा संगणक दुरुस्तीला आणला होता. त्यात दोन डिस्क होत्या, आणि सिस्टिम छोट्या डिस्कवर टाकायची ठरली होती. इन्स्टॉलरने मोठी धरली. तिच्यावर पाच वर्षांच्या स्नेहसंमेलनांचे फोटो होते. पुसलेल्या फाइली शोधून काढणाऱ्या फोटोरेकने बरेचसे परत आले, पण सगळे नाही आले. सर काही बोलले नाहीत, त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

त्या रात्रीच फाइलीतून खात्रीच्या ओळी काढल्या. आता इन्स्टॉलर सगळं स्वतः करतो, फक्त डिस्कवर लिहिण्याआधी थांबतो आणि डिस्कचं नाव, आकार दाखवून विचारतो. शिवाय ज्या मशीनमध्ये दोन डिस्क असतील तिथे दुसरीची केबल आम्ही आधी काढतो. एवढा एक प्रश्न माणसासाठी राखून ठेवा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. इतर कुठलीही चूक पुन्हा इन्स्टॉल करून सुधारते, ही सुधारत नाही.

सिक्युअर बूट (ओळखीच्या सहीचाच प्रोग्रॅम सुरू होऊ देणारी सोय) चालू असलेल्या मशीनवर व्हेंटॉय पहिल्या वेळी निळा पडदा दाखवतं. तिथे ‘एनरोल की फ्रॉम डिस्क’मधून त्याची की नोंदवावी लागते, दर मशीनला एकदा. पाच मिनिटांचं काम आहे, पण नवखा माणूस घाबरतो, म्हणून आम्ही त्या पडद्यांचे फोटो छापून ठेवलेत. व्हेंटॉयच्या सोर्समध्ये आयत्या बायनरी फाइली आहेत, म्हणजे आत काय आहे ते वाचून तपासता येत नाही, यावरून आक्षेप घेतले गेलेत आणि तो मुद्दा मला रास्त वाटतो. आम्ही त्याचा ड्राइव्ह फक्त कोऱ्या मशिनांना लावतो, बँकेच्या कामाचा स्वतःचा लॅपटॉप त्यावरून कधी उभा करत नाही.

पीएक्सई, म्हणजे नेटवर्कवरून बूट, तेही करून पाहिलं. बायोस (जुन्या) आणि यूईएफआय (नव्या) पद्धतीने सुरू होणाऱ्या मशिनांना वेगवेगळ्या बूट फाइली द्याव्या लागतात, आणि आमच्याकडे दोन मशिनं सारखी येत नाहीत. महिन्याभरात सोडून दिलं. एकाच मॉडेलची तीस मशिनं असलेल्या लॅबला मात्र तेच योग्य ठरेल.

इंटरनेटचा खर्च मात्र मोठा प्रश्न होता. नेटइन्स्ट (बाकीचं इंटरनेटवरून घेणारी) आयएसओ लहान असली तरी डेस्कटॉपची पॅकेजेस दर मशीन नव्याने उतरवतं. एका जुन्या लॅपटॉपवर ॲप्ट-कॅशर-एनजी बसवलं, ते एकदा उतरवलेली पॅकेजेस साठवून पुढच्या मशिनांना देतं, आणि प्रीसीडमध्ये प्रॉक्सी (मधला दुवा) म्हणून त्याचा पत्ता दिला. पहिलं मशीन रडतखडत होतं, पुढची झरझर होतात. लॅपटॉपच घेतला, कारण वीज गेली तरी हा साठा, म्हणजे कॅशे, उभा राहतो. एकदा गुरुवारी काम काढलं आणि दुरुस्तीसाठी वीज गेली, तेव्हा अर्धवट लटकलेली तीन मशिनं पुन्हा पहिल्यापासून करावी लागली होती. गुरुवार आता वर्ज्य.

डेबियन १३ मध्ये बत्तीस बिटच्या मशिनांसाठी इन्स्टॉलर उरलेला नाही. तसली दोन आली, त्यांना १२ दिलं. प्रिंटर अजूनही शाळेत जाऊन हातानेच लावतो. तिथे दर शाळेत वेगळं मॉडेल असतं आणि उत्तरफाइलीत आधी लिहून ठेवण्यासारखं काही नसतं. घरी वर्षाला एखादं मशीन करणाऱ्याने प्रीसीडच्या मागे लागू नये, नुसतं व्हेंटॉय पुरे. पाचाहून जास्त असतील तर तीन शनिवार काढा. आणि पहिली फेरी अशा डिस्कवर करा जिच्यावर कुणाचं काहीही नाही.