झिपर डिपर, महिना १६१: ओपनआरसीटी२ आठ महिने वापरल्यावर

आधीच सांगून टाकते, मी गेमर वगैरे नाही. वय बेचाळीस, काम हिशेबाचं, मोबाइलवर कँडी फोडण्यापलीकडे कधी मजल गेली नव्हती. गेल्या दिवाळीत भाच्याने माझ्या जुन्या लॅपटॉपवर हा खेळ टाकून दिला आणि म्हणाला, "मावशी, तू सारखी एस्सेल वर्ल्ड एस्सेल वर्ल्ड करतेस ना, घे, बांध." तेव्हापासून बांधतेय. आता आठ महिने झाले, तेव्हा लिहायला हरकत नाही.

खेळ काय आहे ते थोडक्यात. ख्रिस सॉयर नावाच्या माणसाने १९९९ साली 'रोलरकोस्टर टायकून' केला, म्हणजे राइड बांधून आपलं स्वतःचं करमणुकीचं पार्क चालवायचा खेळ, तोही जवळजवळ अख्खा असेंब्ली भाषेत, म्हणजे संगणकाच्या थेट कानात बोलून. दुसरा भाग २००२ साली आला. या दुसऱ्या भागाची चाहत्यांनी नव्याने लिहिलेली आवृत्ती म्हणजे ओपनआरसीटी२. ती फुकट आहे, पण चित्रं-आवाज मूळ खेळातलेच लागतात, म्हणून मूळ खेळ विकत घ्यावा लागतो. लॅपटॉप बराच जुना असला तरी चालतो. माझा तर चार्जरला लावल्याशिवाय उठतही नाही, तरी चालतो. बसवण्याबद्दल एवढं पुरे.

आता मुद्द्याचं. माझं माहेर मालाडचं. पहिल्यांदा गोराईला, एस्सेल वर्ल्डला गेले ती पाचवीच्या सहलीला. पार्क उघडलं १९८९ मध्ये, म्हणजे तेव्हा तेही लहानच होतं. मार्व्याच्या जेट्टीवर दोन-दोनच्या रांगेत उभं करून बाईंनी चार वेळा मोजलं, मग लाँच. डिझेलचा धूर, दोन्ही बाजूंना तिवरं, ओहोटी असेल तर चिखलाचा तो वास. पुढच्या बाकावर जागा मिळवण्यासाठी मी जिवलग मैत्रिणीला ढकललं होतं, हे तिला अजून आठवतं. नंतर घरच्यांबरोबर, मग कॉलेजच्या घोळक्याबरोबर बऱ्याचदा गेले. १९९८ साली शेजारी वॉटर किंगडम आलं आणि तिकडे कपडे ओले करायचे की इकडे पोटात गोळा आणायचा, यावर घोळक्याचे दोन तट पडायला लागले. मी कायम झिपर डिपरवाली, म्हणजे एस्सेल वर्ल्डच्या रोलरकोस्टरवाली. खाडीतून आज जो विपश्यना पॅगोडाचा सोनेरी घुमट दिसतो, तो माझ्या आठवणीत नाहीच; त्याचं उद्घाटन २००९ चं. वॉटर किंगडम अजून चालू आहे. एस्सेल वर्ल्ड बंद आहे.

तर पहिल्या महिन्यात मी उत्साहाने एस्सेल वर्ल्डमधलं सगळं खेळात उभं केलं. एंटरप्राइज आणि टॉप स्पिन या राइड खेळात त्याच नावाने तयार मिळतात, नुसत्या ठेवायच्या. शॉट-एन-ड्रॉपसाठी उंच मनोरा मिळाला. मॉन्स्टर्स इन द मिस्टच्या जागी भुताचा वाडा. झिपर डिपर मात्र रूळ जोडत जोडत स्वतः केली, आणि खरं सांगते, पहिल्या तीन वेळा ती डब्यांसकट भलतीकडे गेली. प्रत्येक राइडला खेळ तीन आकडे देतो: उत्कंठा, तीव्रता आणि मळमळ. आमच्या कॉलेजच्या घोळक्यात मळमळीचा आकडा एका मुलाच्या तोंडावर बघून सांगता यायचा. इथे पाहुणे खरोखर ओकतात आणि झाडूवाला नेमला नसेल तर ते तसंच राहतं. लेकीला खेळातलं हे एवढंच आवडलं.

लाँच काही जमली नाही. खेळातले लोक नकाशाच्या कडेवरून पायवाटेने चालत येतात, दुसरी सोय नाही. मी दोन्ही बाजूंना पाणी खोदलं, होड्याही सोडल्या, पण त्या आपल्या आतल्या आत फिरतात. भरती-ओहोटी नाही, चिखल नाही. खेळातलं वर्षही आठच महिन्यांचं, मार्च ते ऑक्टोबर. विलायतेत थंडीत पार्क बंद असतात, त्याचा हा हिशेब. म्हणजे आपला अख्खा पावसाळा आत आणि दिवाळीची सुट्टी, नाताळ बाहेर! पाऊस आला की लोक उघड्या राइड सोडून पळतात आणि छत्री मागतील त्या किमतीला घेतात. हे कळल्यावर मी पहिल्या वर्षी छत्र्यांचा भाव कुठे नेला ते विचारू नका. ज्या बाईने पार्कातल्या महाग सरबतावरून आयुष्यभर कुरकुर केली, तीच ही.

आणि इथूनच हा खेळ मला आवडायला लागला. तोवर तो नुसता फोटो अल्बम होता.

माझं पार्क मी मुद्दाम जुन्या पद्धतीने चालवलं: गेटवर एकच तिकीट, आत सगळं मोकळं. आपल्याकडे तसंच होतं ना, एकदा आत गेलं की हव्या तितक्या वेळा झिपर डिपर. पण अशा पार्कात गेटवर लोक किती पैसे द्यायला तयार होतात, ते आतल्या सगळ्या राइडच्या एकूण मोलावर ठरतं, आणि ते मोल वयाबरोबर घसरतं. पाच-सहा वर्षं झकास गेली. मग तिकीट महाग म्हणून लोक गेटवरूनच परत फिरायला लागले. जुन्या राइड बंद पडायला लागल्या, मिस्त्री या टोकाचं काम सोडून त्या टोकाला धावतोय, रांगेतले लोक वैतागलेत. मी काय केलं? जे मालक करतात तेच. आधी आगगाडी काढली, कारण ती हळू आणि जागा खाणारी. मग कमळाच्या तळ्याकाठची बाकं. तळं बुजवून तिथे एक झगमगीत नवी राइड. एकेक करत दहा वर्षांत माझ्या पार्काचं असं काही झालं की मला स्वतःलाच तिकडे सहल न्यावीशी वाटेना.

झिपर डिपरला मात्र हात लावला नव्हता. बाविसाव्या वर्षी ती दर थोड्या वेळाने अडकायला लागली. पाडवेना. नूतनीकरणाचं एक बटण असतं, पैसे भरून राइड नव्यासारखी करून मिळते. ते दाबलं. स्वतःवर खूश होते.

पुढच्या रविवारी भाचा जेवायला आला. ओपनआरसीटी२ चा कोड सगळ्यांना खुला आहे आणि याला असलं वाचायची खाज. पुरणपोळी एका हातात धरून त्याने मला वयाचा तक्ता वाचून दाखवला. हे पडद्यावर कुठेही दिसत नाही, म्हणून नीट सांगते. राइड नवी असते तेव्हा पहिले पाच महिने तिचं मोल दीडपट. तेरा महिन्यांपर्यंत १.२ पट. चाळीस महिन्यांपर्यंत जसंच्या तसं. मग पाऊण, मग त्याहून कमी, असं पायऱ्यापायऱ्यांनी खाली. १२८ महिन्यांपासून २०० महिन्यांपर्यंत मोल जेमतेम आठ टक्के उरतं. आणि २०० महिने ओलांडले की एकदम छप्पन्न टक्के.

मी म्हटलं, "चुकून पडलं असेल."

"नाही गं मावशी, मुद्दाम आहे. जुनी झाली की लोकांना परत आवडते."

आठ महिन्यांचं वर्ष, म्हणजे २०० महिने बरोबर पंचवीस वर्षं. सोळाव्या वर्षापासून पंचविसाव्यापर्यंत ती राइड निव्वळ अडगळ असते, हिशेबनीसाच्या नजरेने बघितलं तर पाडायचीच. पंचविसावं सरलं की रौप्यमहोत्सव. मी मनातल्या मनात १९८९ मध्ये पंचवीस मिळवले. २०१४ आले. तेव्हा मी पुण्यात होते, लेक बालवाडीत होती, आणि गोराईला शेवटचं जाऊन दहा वर्षं झाली होती. आठवण मात्र काढायचे, चहाच्या प्रत्येक गप्पांत. आठवण काढणाऱ्यांकडून कुणी तिकीट वसूल करत नाही, हे हिशेबाचं काम करूनही माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"आणि ते नूतनीकरणाचं बटण?" मी विचारलं.

"त्याने वय शून्य होतं. परत पहिल्यापासून."

म्हणजे बाविसाव्या वर्षी, तीन वर्षं उरलेली असताना, मीच. पुरण गोड होतं, बाकी त्या दुपारचं काही आठवत नाही.

मार्चमध्ये दुसरं पार्क सुरू केलं. यावेळी झिपर डिपर पहिल्याच दिवशी, गेटसमोर. नूतनीकरण नाही, कितीही अडकली तरी. तिच्या दाराशी एक मिस्त्री कायमचा नेमलाय, त्याला दुसरीकडे कुठे पाठवत नाही. तपासणी दर दहा मिनिटांनी. आगगाडी ठेवली, तळं ठेवलं, आणि त्या पायी खर्च वाढला तो भरून काढायला दोन नव्या राइड मागच्या बाजूला बांधल्या, जिथून त्या जुन्या भागात दिसत नाहीत. छत्र्यांचा भाव अजूनही चढाच. तेवढं चालवून घ्या.

नेहमीच्या वेगाने २०० महिने म्हणजे साधारण तेवीस तासांचा खेळ. ओपनआरसीटी२ मध्ये वेळ पुढे पळवायची सोय आहे, भाच्याने दोनदा दाखवली. मी वापरत नाही. रात्री जेवणं आटोपली की अर्धा-पाऊण तास, तेही महिनाअखेर नसेल तर. शिवाय मध्ये एकदा फाइल जतन करायची राहिली आणि चार वर्षं वाया गेली. तो दोष माझाच, आपोआप जतन करायची सोय मीच बंद केली होती.

कुणी घ्यावा? ज्यांना चकचकीत त्रिमितीय चित्रं हवीत त्यांनी नको. इथे सगळं वरून, तिरकं, ठिपक्याठिपक्यांचं दिसतं आणि माणसं मुगाच्या दाण्याएवढी. राइडमध्ये बसून बघता येत नाही. पहिल्या उतारावर पोट वर येतं ते येणार नाही, त्याची आठवण फार तर येईल. ज्यांना एखादं पार्क, एखादी जत्रा, गावातला एखादा बंद पडलेला बाग-पाळणा डोक्यातून जात नाही, त्यांनी जरूर घ्यावा, पण पहिला एक पार्क वाया जाणार हे धरून चालावं.

काल रात्री एकविसावं वर्ष लागलं. महिना १६१. झिपर डिपरचं मोल आठ टक्क्यांवर आहे, दोन डबे रिकामे फिरतात, आणि लेक मागून वाकून म्हणाली, "आई, ही पाड ना, इथे पाण्याची मस्त राइड बसेल." मी मिस्त्री कुठे पोचलाय ते बघत होते. तो वाटेतच होता.