मुलांना बायबल कुठं शिकवायचं: संडे स्कूल, व्हीबीएस, का घरीच?

जय ख्रिस्त. एप्रिल संपत आला की आई-बाबा लोकांचे फोन सुरू होतात, टीचर व्हीबीएसला (व्हेकेशन बायबल स्कूल, म्हणजे सुट्टीतलं मुलांचं बायबल शिबिर) पाठवू का, का जूनपासून डायरेक्ट संडे स्कूलला (चर्चमधला मुलांचा रविवारचा वर्ग) घालू, आणि आता नवीन एक निघालंय, की मोबाईलवर बायबलच्या गोष्टी लावून देतो तेवढं पुरेल ना. मी सोलापुरात संडे स्कूलला शिकवते, मे महिन्यात व्हीबीएसला असते, घरात स्वतःची दोन मुलं आहेत, त्यामुळं सगळ्याच बाजू रोज बघते. म्हणून एकदा नीट लिहून काढते, ज्याला ठरवायचंय त्याला उपयोग होईल.

माझं मत आधीच सांगते म्हणजे शेवटपर्यंत अंदाज लावत बसायला नको. घरची संध्याकाळची प्रार्थना पहिली, संडे स्कूल तिच्या जोडीला, व्हीबीएस वर्षातून एकदा, आणि मोबाईल सगळ्यात शेवटी. पण हे सगळ्यांना सारखं लागू होत नाही, घरात कोण आहे, मूल केवढं आहे यावर बरंच बदलतं.

संडे स्कूल

याची मोठी ताकद म्हणजे वर्षभर चालतं आणि शिकवणारं माणूस तेच असतं. दर रविवारी उपासनेच्या आधी किंवा उपासना चालू असतानाच बाजूच्या खोलीत तास-दीड तास, गीत, प्रार्थना, गोष्ट, सुवर्णवचन (पाठ करायचं बायबलमधलं वचन). तेच टीचर असल्यामुळं कुठलं मूल घाबरतं, कुठलं उगाच गप्प बसतं, कुणाच्या घरी आजारपण चालूय हे कळतं. आणि मुख्य म्हणजे मूल प्रश्न विचारतं.

गेल्या पावसाळ्यात जक्कयाची गोष्ट घेतली होती, बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानात १९ व्या अध्यायात आहे. ठेंगणा माणूस, जकातदारांचा मुख्य, गर्दीत येशू दिसेना म्हणून उंबरावर चढला. मी पुढं सरकणार तेवढ्यात पहिलीतली एक मुलगी म्हणाली, टीचर उंबरावर लई मुंग्या असतात, त्याला चावल्या नसतील का? सगळी पोरं हसली, पण मग मीच म्हटलं चावल्या असतील ना, तरी तो खाली उतरला नाही, का बरं? आणि तिथून वर्गाचा रंगच बदलला. एक पोरगा म्हणाला त्याला कुणी मित्र नव्हता म्हणून. मग शेवटी तो म्हणतो ना की अन्यायानं कुणाचं घेतलं असेल तर चौपट परत देतो, त्याचा हिशोब फळ्यावर केला, भाजीवालीचे पन्नास रुपये जास्त घेतले असतील तर परत किती? दोनशे! पोरं थक्क. वर निम्मी मालमत्ता गरिबांना. पुढच्या रविवारी एका आईनं सांगितलं की पोरानं दुकानातून जास्तीचे आलेले दहा रुपये परत नेऊन दिले आणि म्हणाला चौपट द्यायचे का? हे मोठ्या गर्दीत होत नाही आणि स्क्रीनवर तर होणारच नाही.

आता अडचणी. पहिली अडचण पाण्याची, सोलापूरकरांना सांगायला नको. पाण्याची पाळी रविवारी सकाळी आली की अर्धा वर्ग रिकामा, कारण घरात सगळ्यांना पाणी भरायला लागतं. संक्रांतीच्या आसपास गड्ड्याची जत्रा असते तेव्हाही हजेरी कमी. नोव्हेंबर-डिसेंबरात तर नाताळच्या नाटकाची प्रॅक्टिस सुरू झाली की पाठ मागंच पडतो, मेंढपाळ कोण, मागी लोक (बाळ येशूला बघायला आलेले ज्ञानी) कोण, देवदूताचे पंख कुणाला, यातच तास जातो. मला नाटक आवडतं, पण दोन महिने गोष्टच नाही हे पटत नाही, आणि हे मी आमच्याकडं बोललेली आहे.

दुसरी अडचण वाचनाची. आपली बरीच मुलं आता इंग्लिश मीडियमची, मराठी बोलतात फाडफाड, पण पवित्र शास्त्र, म्हणजे मराठी बायबल, हातात दिलं की जोडाक्षरावर अडकतात. काही घरांत तेलुगू नाहीतर कन्नड बोलतात, त्यांचं तर मराठी वाचन आणखी कच्चं. संडे स्कूल सुरू कशी झाली माहितीये का, १७८० मध्ये इंग्लंडात ग्लॉस्टर गावात रॉबर्ट रेक्स नावाच्या, वर्तमानपत्र चालवणाऱ्या माणसानं आठवडाभर कामाला जुंपलेल्या गरीब पोरांना रविवारी लिहावाचायला शिकवायला सुरू केलं, आणि वाचायला पुस्तक होतं बायबल. आपलं गाव गिरण्यांचं होतं, आपल्याला हे लगेच कळायला पाहिजे. माझ्या मते आपल्या संडे स्कूलनं परत थोडं तेच करावं, दर रविवारी प्रत्येक मुलाकडून मराठीतल्या दोन ओळी तरी वाचून घ्याव्यात. तुम्ही वर्ग बघायला जाल तेव्हा हे विचारा.

अजून दोन गोष्टी जरूर बघा. वयानुसार वर्ग वेगळे आहेत का, कारण चार वर्षांचं आणि तेरा वर्षांचं मूल एकाच चटईवर बसवलं की कुणाचंच भलं होत नाही. आणि खोलीत कमीत कमी दोन मोठी माणसं असतात का, दार उघडं असतं का. हे विचारायला लाजू नका. चर्च आपलंच आहे म्हणून विचारायचं नाही असं काही नसतं, उलट चांगले पाळकसाहेब तुम्ही विचारलं म्हणून खूश होतात.

(कॅथलिक घरांसाठी एवढंच, तुमच्याकडं पहिल्या कम्युनियनची (पहिल्यांदा प्रसादाची भाकर घेण्याच्या विधीची) तयारी साधारण सात-आठ वर्षांच्या वयात होते आणि ती पॅरिशमध्येच, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चमध्येच, करावी लागते, त्यामुळं हे बाकीचं सगळं त्याच्या जोडीला धरा. आणि मुलांना बायबल घेताना बघून घ्या, कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं असतात, प्रोटेस्टंटमध्ये ६६.)

व्हीबीएस

व्हीबीएस म्हणजे उत्साह. मे महिन्यात सकाळी लवकर सुरू, कारण आपल्याकडं पारा बेचाळीसच्या पुढं गेला की अकरानंतर पोरांना पत्र्याच्या शेडमध्ये बसवणं पाप आहे. अ‍ॅक्शन साँग, रंगीत कागदाची कामं, खेळ, सरबत, खाऊ, आणि शेवटच्या दिवशी स्टेजवर कार्यक्रम. कुठं पाच दिवस, कुठं दहा. फी नसते किंवा अगदी नावापुरती असते. ही कल्पना १८९८ ची, न्यूयॉर्कमध्ये हॉज नावाच्या बाईंनी उन्हाळ्यात रस्त्यावर फिरणाऱ्या मुलांसाठी सुरू केली, आणि आजही ते तसंच आहे, सुट्टीत रिकामं फिरणारं पोरगं चार चांगल्या गोष्टी ऐकतं, नवे मित्र मिळतात.

जे मूल चर्चला यायलाच तयार नाही, उपासनेत कंटाळतं, त्याच्यासाठी व्हीबीएस सगळ्यात चांगलं दार आहे. गाणी इतकी पाठ होतात की जूनमध्ये शाळेच्या रिक्षातसुद्धा म्हणतात. पण गर्दीत गोष्ट वरवरची होते, दहा दिवसांत नोहा, योसेफ, दावीद, योना, येशूचा जन्म, वधस्तंभ, पुनरुत्थान सगळं पळत पळत. योसेफाची गोष्ट घ्या, बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीत, ३७ पासून जवळजवळ ५० अध्यायापर्यंत चालते. भावांनी खड्ड्यात टाकलं, विकलं, तुरुंग झाला, आणि शेवटी दुष्काळात तेच भाऊ धान्य मागायला समोर उभे. हे एका सकाळी उरकलं तर मुलाच्या लक्षात फक्त योसेफाला बापानं दिलेला रंगीत झगा राहतो, भावांना माफ केलं ते राहत नाही. आणि खरी गोष्ट तर तीच आहे.

बक्षिसांबद्दल माझं स्पष्ट मत आहे. जास्त वचनं पाठ केली की कंपास बॉक्स, यानं पाठांतर होतं हे खरं, पण सगळं बक्षिसावरच चालवलं की बक्षीस मिळाल्यावर वचन जातं. स्तोत्र २३ घ्या, सहाच वचनं आहेत, दहा दिवस तेवढंच सगळ्यांनी मिळून म्हणू दे, बक्षीस द्यायचंच तर सगळ्यांना सारखं द्या.

आणि एक गोष्ट आयोजकांसाठीही आणि पालकांसाठीही. गल्लीतली बाकीच्या धर्माची पोरं मैत्रिणीबरोबर खेळायला येतात, खाऊ असतो, गाणी असतात, येणारच. त्यांच्या आई-बापाला आधी सांगून, त्यांनी हो म्हटलं तरच बसवायचं. आपल्या मुलाला कुणी आपल्याला न सांगता कुठं नेलं तर आपल्याला चालेल का?

घरी

यावर मला जास्त बोलायचंय. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देव सांगतो की या गोष्टी मुलांच्या मनावर बिंबव, घरी बसलेला असताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना त्यांच्याविषयी बोल. हे काम टीचरला सांगितलेलं नाही, आईबापाला सांगितलंय. टीचर आठवड्यातून एक तास, तुम्ही रोज.

लोक म्हणतात आम्हाला शिकवता येत नाही हो, आम्ही काय पास्टर आहे का. शिकवायचं नसतंच, वाचायचं असतं. मार्कचं शुभवर्तमान घ्या, येशूच्या जीवनाच्या चार शुभवर्तमानांमधलं सगळ्यात लहान, १६ अध्याय, आणि गोष्टी एकामागून एक पळतात. रात्री जेवणाआधी दहा मिनिटं. एक गीत, एक गोष्ट, एक प्रश्न मुलानं विचारायचा आणि एक तुम्ही, मग प्रार्थना, झालं. गीत उपासना संगीत या आपल्या गीतांच्या पुस्तकातलं घ्या, नारायण वामन टिळकांची गीतं आपल्या मातीतल्या चालीत आहेत, मुलं लवकर उचलतात आणि आज्जीलाही येतात. आज्जी घरात असेल तर तिलाच सांगू द्या. आमच्याकडं सासूबाई येशूनं वादळ शांत केल्याची गोष्ट सांगतात तेव्हा धाकटा पाट उलटा करून त्याची होडी करतो आणि येशू झोपलाय म्हणून उशी आणून ठेवतो, कारण मार्कमध्ये उशी लिहिलेली आहे. त्याला ती उशी कुणी शिकवली नाही, ऐकता ऐकता पकडली.

घरचा दुसरा फायदा म्हणजे अवघड गोष्टी. अब्राहाम इसहाकाला अर्पण करायला नेतो ती गोष्ट ऐकून माझी मुलगी रडली होती, तेव्हा ती तिसरीत होती, पप्पा मला असं करतील का म्हणाली. त्या रात्री तिच्या पप्पांनी तिला मांडीवर घेऊन शेवटपर्यंत वाचून दाखवलं, देवानं हात थांबवला, झुडपात एडका होता, मुलाला काही झालं नाही. साठ पोरांच्या हॉलमध्ये असं कोण मांडीवर घेणार? म्हणून म्हणते, अशा गोष्टी लहान मुलांना घरीच, आणि जवळ बसवून. नरकाची भीती घालून तर कुठंच शिकवू नका, भीतीनं मूल गप्प बसतं, देवाच्या जवळ जात नाही.

पण घरचं कुठं कमी पडतं तेही सांगते. सोबत नसते. आपली बरीच मुलं शाळेच्या वर्गात एकटीच ख्रिस्ती असतात, कुणी विचारलं तुम्ही कोण, तर गोंधळतात. आपल्यासारखी अजून मुलं आहेत, ती पण हीच गीतं म्हणतात, हे त्यांना डोळ्यांनी दिसायला लागतं आणि ते चर्चमध्येच दिसतं. बारा वर्षांनंतर तर आईबापाचं ऐकण्यापेक्षा मित्रांचं ऐकतात, तेव्हा चांगला युथ ग्रुप आणि एक भरवशाचे दादा किंवा ताई घरापेक्षा जास्त कामाला येतात. आणि सगळ्यात मोठी अडचण नेमाची. एमआयडीसीत शिफ्ट असते, थकून येतो माणूस, दोन दिवस चुकलं की बंदच पडतं. रोज जमत नसेल तर आठवड्यातले तीन वार ठरवा, पण ते पाळा.

मोबाईल

थोडक्यात. चित्रं सुंदर असतात, लहान मुलांना गोष्टीचा क्रम कळतो, आजारी मुलाला अंथरुणात बरं वाटतं. पण तुम्ही शेजारी बसून बघितलं तर त्याचा उपयोग. नाहीतर गोष्ट संपते आणि पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो, तो कशाचा असेल सांगता येत नाही. बऱ्याच गोष्टी इंग्रजीत, मूल इंग्रजीत गाणं म्हणतं आणि आज्जीला कळत नाही. आधी पूर्ण स्वतः बघा, मग दाखवा.

मग ठरवायचं कसं

मूल चार ते सातचं असेल तर घर आणि व्हीबीएस, संडे स्कूलला त्याला झेपेल तसं न्या, रडत असेल तर ओढू नका. आठ ते अकराचं असेल तर संडे स्कूल चुकवू नका, हे पाठांतराचं वय आहे, या वयात पाठ केलेलं म्हातारपणापर्यंत राहतं, आपल्या घरातली म्हातारी माणसं बघा. बाराच्या पुढं असेल तर गोष्टी पुरत नाहीत, त्याचे प्रश्न असतात, देव आहे तर आज्जी का गेली, सायन्समध्ये वेगळं का शिकवतात. तिथं ऐकून घेणारा टीचर शोधा, आणि दृढीकरणाचा (मोठं झाल्यावर आपला विश्वास स्वतः चर्चसमोर कबूल करण्याच्या विधीचा) वर्ग असेल तर त्याला मनापासून घाला, फक्त फोटोसाठी नको.

चर्च लांब असेल, म्हणजे तुम्ही जुळे सोलापूरच्या टोकाला आणि चर्च गावात, पेट्रोल आणि वेळ दोन्ही जातं, तर महिन्यातले दोन रविवार पक्के करा आणि बाकीच्या रविवारी तोच पाठ घरी घ्या, टीचरकडून व्हॉट्सअ‍ॅपवर मागून घ्या, आम्ही आनंदानं देतो. आई-बाबा दोघंही चर्चला जात नाहीत आणि फक्त मुलाला पाठवायचंय असं असेल तर पाठवा जरूर, पण वर्गानंतर दहा मिनिटं त्याच्याशी बोला, आज काय ऐकलंस विचारा. जून महिन्यात नवीन वर्ग बसतात, त्याआधी एका रविवारी नुसतं मागं बसून बघा, आणि घरी आल्यावर मुलाला विचारा की पुढच्या रविवारी जायचं का.